जवाबाची पाळी

शनिवार-रविवारी संध्याकाळचे सात वाजले की केतकीच्या घरची बैठक म्हणजे आपल्या सौसरचं बसस्टँड व्हायचं. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे तो बसला, आणि उठला की जागा गेली. टीव्ही गल्लीत घरोघरी होते, नाही असं नाही. पण केतकीच्या बाबांनी, म्हणजे प्रभाकररावांनी, आपल्या कृषी केंद्राच्या दुकानात लावायला म्हणून भिंतभर टीव्ही आणला होता आणि आईनं तो घराबाहेर पडूच दिला नव्हता. आणि ‘एकच दार’ बघायचं तर मोठ्या पडद्यावरच, असं सगळ्या गल्लीचं एकमत होतं.

‘एकच दार’मध्ये बारा अनोळखी माणसं एका घरात कोंडली होती. दर आठवड्याला ज्याला प्रेक्षकांची मतं कमी, तो त्या एकाच दारातून बाहेर. यंदा त्या बारांत एक आपला होता. वीरेंद्र, रामाकोन्याचा. सौसरवाले म्हणत आमच्या तहसीलचा, पांढुर्ण्याचे म्हणत आमच्या जिल्ह्याचा, आणि वीरू जिंकला तर जामसांवलीच्या देवळापर्यंत पायी जाईन असं मारुतीरायाला कबूल करून बसलेले लोक इतके झाले होते, की तो खरंच जिंकला असता तर रस्ता बंद ठेवायला लागला असता.

केतकीचंही मत वीरूलाच असायचं. आता तुम्ही म्हणाल केतकी कोण, तर बैठकीत सोफ्याच्या हातावर बसलेली, दोन वेण्या, अकरावीतली, आणि बोलायला लागली की थांबायचं नाव न घेणारी ती केतकी. ही बोलणारी केतकी मात्र वर्षभराचीच. त्याआधी ती वर्गात ‘हजर’ म्हणायच्या ऐवजी नुसता हात वर करायची. तिचा पहिला शब्द अडकायचा. हिंदीत असो की मराठीत, अडकणं सारखंच. लोक मग तिच्यासाठी वाक्य पूर्ण करून द्यायचे, आणि बहुतेक वेळा चुकीचं.

मग गेल्या पोळ्यानंतर शेजारच्या भिवाजीआबांनी तिला झडत्या शिकवल्या. पोळ्याच्या दिवशी तोरणाच्या दोन बाजूंना सजवलेल्या बैलांच्या रांगा समोरासमोर उभ्या राहतात, आणि तोरण तुटायच्या आधी इकडचा माणूस तिकडच्याला यमक जुळवून टोमणा हाणतो, तिकडचा परत करतो. तीच झडती. आबा पूर्वेच्या रांगेचे जुने झडतीवाले. त्यांनी टाळीच्या ठेक्यावर म्हणायला लावलं आणि केतकीची जीभ सुटली. ठेक्यात ती अडकायचीच नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ठेका नसतानाही तिला बोलावंसं वाटायला लागलं. अडकायची, पण बोलायची. शाळेच्या प्रार्थनेला तिनं बातम्या वाचल्या, सगळ्यांना पहिल्या तासाला उशीर झाला, आणि तिनं शेवटची बातमीसुद्धा सोडली नाही.

यंदा आबांचा गळा बसला होता. डॉक्टरांनी ओरडायला मनाई केली होती. आणि आबांनी जाहीर केलं होतं की पूर्वेच्या रांगेची झडती यंदा केतकी म्हणेल. तोरणाखाली पोरगी कधी उभी राहिली नव्हती. केतकीनं तो दिवस मनात इतक्या वेळा जगून घेतला होता की बैलांच्या झुलींचे रंगसुद्धा ठरवून टाकले होते.

तर त्या रविवारी बैठक गच्च. आबा खुर्चीवर. अंबाबाई, समोरच्या घरच्या, वीरूची मामी आपल्या नणंदेच्या गावची म्हणून सगळ्यात पुढे. खाली मयूर, केतकीचा चुलतभाऊ. त्याची शेती आणि संत्र्याची बाग सावरगावकडे. तो कॉलेजसाठी इथे यांच्याकडे राहायचा, आणि अभ्यासाच्या ऐवजी वीरूला मतं टाकायचा. 

पडद्यावर दुपार होती. देवीदास नावाचा साताऱ्याकडचा एक जादूगार त्या घरात होता, तो आतल्या खोलीत झोपला होता. देवीदास बोलताना अडकायचा. केतकीला तो आवडायचा, पण का ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. वीरू स्वयंपाकघरात कॅमेऱ्यासमोर आला, ओट्यावर ठेका धरला आणि सुरू झाला:

“दे-दे-देवीदास,
बोलाले लावते तीन तास,
त-त-तोवर वाळते घास,
पाहणाऱ्याचा कोंडते श्वास!”

बैठक फुटली. अंबाबाईंनी मांडीवर थाप मारली, “वा रे माह्या वाघा!” बाबा हसले. मयूर तर लोळलाच. आणि भिवाजीआबा, बसलेल्या गळ्याचे भिवाजीआबा, खॉ-खॉ करत हसले आणि म्हणाले, “सही! पोट्ट्यानं झडती हानली!”

केतकी हसली नाही. तिला वाटलं, बैठकीत अचानक कुणीतरी तिच्याच अंगावर दिव्याचा झोत मारला.

“के-के-केतकी,” मयूर तिच्याकडे वळून म्हणाला, “जरा पा-पा-पाणी आन ना.”

मग कुणी हसलं नाही. आईनं रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

“मयूर, काय बोललास?”

“गंमत केली ना काकू. वीरूची लाइन आहे.”

“कुणाच्या बोलण्याची नक्कल करायची, ही गंमत?” आई प्राथमिक शाळेत बाई होती, तिचा आवाज चढायचा नाही, सरळ व्हायचा. “उद्या माझ्या वर्गात सगळी पोरं हेच म्हणतील.”

“अवं अनुराधा, शिवी तं नाही देल्ली ना त्यानं,” अंबाबाई म्हणाल्या. “आईबहिनीवर गेला का? नाही गेला. मंग?”

“शिवी परवडली. शिवी देणारा विसरतो, ऐकणारा विसरतो. हे यमक जुळवलंय. हे तोंडात बसतं.”

“अगं, हे सगळं लिहून देतात त्यांना,” बाबा समजुतीनं म्हणाले. “तो काय मनानं बोलून राहिला?”

“मग लिहिणाऱ्याला लाज नको?”

“काकू, गेम आहे तो! तिथं गोड बोलून कोन जिंकलं आजवर?” मयूर उठून बसला. “आपल्या भागाचा पोट्टा पहिल्यांदा तिथं पोचला, अन् आपनच त्याचे पाय ओढून राहिलो. मुंबई-पुण्याचे तं म्हनूनच राहिले, याची भाषा गावठी, याले बोलता येत नाही. आपनबी तेच म्हनाचं?”

हे मात्र खरं होतं. वीरू साधं ‘काऊन बे’, म्हणजे ‘का रे’, म्हणाला तरी त्या घरातले लोक नाकं मुरडायचे आणि मोबाइलवर कुणीकुणी त्याला शिव्या घालायचे. बैठकीत सगळ्यांनाच ते लागलेलं होतं.

“मी सांगतो,” आबा म्हणाले. खर्जातला खरखरता आवाज, पण सगळे वळले. “शिवीबी नाही अन् नक्कलबी नाही. झडती आहे थे. झडतीत टोचाच लागते. टोचलं नाही तं झडती काह्याची?”

“प-प-प—” केतकी म्हणाली.

“पानी? आनते मी,” अंबाबाई उठायला लागल्या.

“पण!” केतकीनं शब्द ढकलून बाहेर काढला. “पण आबा, त्याला ज-जवाब द्यायला कोण होतं? देवीदास झ-झोपला होता.”

आबांनी भुवया वर केल्या. “थो देईन ना जवाब. आज नाही तं उद्या. टीव्ही पळून चालला का?”

सगळ्यांना ते पटलं. आवाज पुन्हा सुरू झाला. केतकी आत गेली. पाणी तिनं आणलं नाही.

पुढचा आठवडा वाईट गेला, आणि आईचं म्हणणं शब्दाशब्दानं खरं ठरलं. सोमवारी शाळेच्या गेटवर नववीतली पोरं एकमेकांना दे-दे-देवीदास म्हणत होती. मंगळवारी केतकीनं इतिहासाच्या तासाला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मागून कुणीतरी बाकावर ठेका धरला. सर ओरडले, ठेका थांबला. केतकीनं उत्तर पूर्ण दिलं, बरोबर दिलं, आणि खाली बसल्यावर तिचे कान भाजल्यासारखे झाले. वर्षभरात कमावलेलं सगळं एका माणसानं ओट्यावर बोटं वाजवून काढून घ्यावं? तिला रडू नाही, संताप आला. तो तिला बरा वाटला. रडण्यापेक्षा संतापात काम जास्त होतं.

आबांकडे ती गेली नाही. बुधवारी आबाच आले, दारच्या ओट्यावर बसले.

“काऊन नाही आली बे दोन दिवस? पोळा तोंडावर आला.”

“तुम्ही ह-हसले.”

“झडती चांगली होती, हसू आलं. खोटं काय सांगू?” आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “पन तुले काऊन लागलं थे?”

केतकी त्यांच्याकडे बघतच राहिली. “आबा, मी प-पण अडकते.”

“तू?” आबा खरंच विचारात पडले. “कुठं अडकते तू? इतकी तं बोलते. माहं डोकं खाते.”

आता यांच्यावर रागवायचं तरी कसं? वर्षभर ज्यांच्यासमोर ती सगळ्यात जास्त अडकली, त्यांना ते दिसलंच नव्हतं. केतकी हसायला लागली आणि मग पुन्हा रागावली, कारण प्रश्न तसाच होता.

त्याच संध्याकाळी सुखदेवकाका आले. पश्चिमेच्या रांगेचे झडतीवाले, पोळा समितीचे मुख्य. बाबांशी बोलायला आले होते, पण बघत आबांकडे होते.

“भिवाजीभाऊ, राग नका मानू. पोरीले पुढं नका करू यंदा. आधीच पोरगी म्हनून दहा लोकं बोलून राहिले. आता ते वीरूचं आलं. मैदानात सगळे तेच म्हनतीन. तिचीच फजिती होईन. आमच्या डोळ्यानं पाहवत नाही, म्हनून म्हनतो.”

वाईट माणूस नव्हता. खरंच काळजीनं बोलत होता. म्हणूनच केतकीला त्याचं बोलणं मयूरच्या नकलेपेक्षा जास्त लागलं. नक्कल करणारा निदान तुमच्याकडे बघतो. हा तर तिला काळजीनं उचलून घरात ठेवत होता.

“पाहू,” बाबा म्हणाले.

“पाहू,” आबाही म्हणाले. केतकीचा जीव त्या दोन ‘पाहू’मध्ये लोंबकळत राहिला. कारण आपल्याकडे ‘पाहू’ म्हणजे नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

शनिवारी पुन्हा बैठक भरली. शनिवारी ‘एकच दार’चा सूत्रसंचालक येतो आणि आठवडाभरात कोण काय बोललं ते सगळ्यांसमोर दाखवतो. त्यानं वीरूची झडती दाखवली. अख्खी. दोनदा. एकदा हळू करून, खाली ढोलकी लावून. घरातले स्पर्धक तोंडावर हात ठेवून हसले. वीरू खाली बघत हसला. मग कॅमेरा देवीदासवर गेला.

“तर देवीदास,” सूत्रसंचालक म्हणाला, “काय म्हणायचंय?”

“आता पाहा,” आबा पुढे सरकले. “आता जवाब येते.”

देवीदास उभा राहिला. त्यानं वीरूकडे बघितलं. ओठ उघडले.

“मी... म... म...”

केतकीनं सोफ्याचा हात घट्ट धरला. तिला माहीत होतं तिथे आत काय चाललंय. शब्द तयार असतो. पूर्ण, स्वच्छ, धुतलेला. फक्त दार चिकटलेलं असतं. जोर लावू नको, तिनं मनात म्हटलं, थांब, श्वास सोड, येईल.

“म... मी...”

आणि पडद्यावर एक बाई भांडी घासायच्या साबणाचं कौतुक करायला लागली.

“हे काय?” आबा म्हणाले.

“जाहिरात, आबा.”

“जाहिरात समजते मले. जवाब कुठं आहे?”

“येईल जाहिरातीनंतर,” बाबा म्हणाले.

साबण झाला, गाडी झाली, सोन्याचे दागिने झाले. मग ‘एकच दार’ परत आलं तेव्हा स्पर्धक बागेत मडक्यांतून पाणी वाहत होते आणि नवा खेळ सुरू झाला होता. देवीदास मागे कुठेतरी मडकं घेऊन चालताना दिसला.

आबा उठले. खुर्ची मागे सरकली.

“जवाब कुठं गेला बे?” त्यांनी मयूरला विचारलं, जणू त्यानंच खिशात घातला होता.

“आबा, त्यायले टाइम कमी असते. कापलं असन.”

“वीरूले दोनदा दाखवलं. ढोलकी लावून दाखवलं. त्याले टाइम होता?”

आबांनी मयूरच्या हातातल्या रिमोटकडे बोट केलं. 

“मागं घे.”

“मागं घेऊन नाही येत आबा, दाखवलंच नाही त्यायनं.”

“मंग थे झडती नाही,” आबा म्हणाले. गळ्याची शीर ताठ झाली होती, डॉक्टरांची मनाई कुठल्या कुठे. “साठ वर्सं तोरनाखाली उभा राहिलो मी. समोरच्यावर काय काय नाही बोललो. त्याच्या बैलावर बोललो, त्याच्या कंजूसपनावर बोललो, सुखदेवच्या बापाच्या मिशीवर बोललो. पन बोलून झालं का डफडं बंद. समोरचा बोलत नाही तोवर डफडं वाजतच नाही. त्याले सुचेना तरी उभं राहा लागते, वाट पाहा लागते. ह्या लोकायनं त्याच्या तोंडावर साबन विकली!”

“अवं पन वीरूचा काय दोष त्यात?” अंबाबाई म्हणाल्या. “कापलं टीव्हीवाल्यायनं.”

“वीरूचा हा, का झोपल्या मानसावर बोलला. उठवून बोलला असता तं मी पुन्हा हासलो असतो.”

“म्हणजे नक्कल चालली असती तुम्हाला?” आईनं सोडलं नाही.

“मास्तरीनबाई, तुमच्या शाळेचं तुम्ही पाहा,” आबा म्हणाले, “तोरनाचं मी पाहतो.” आणि चपला घालून निघाले. कुठे, ते सगळ्यांना कळलं. सुखदेवकाकांचं घर त्याच दिशेला होतं.

आई आणि अंबाबाईंचं त्यानंतरही चांगलं अर्धा तास जुंपलेलं होतं. बाबा मध्ये पडायला गेले आणि दोघींनी मिळून त्यांना गप्प केलं. पण केतकीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती दारात उभी होती.

आबा परत आले ते अर्धी लढाई जिंकून.

“सुखदेव म्हनते, पोरगी उभी राहीन तं राहो. पन मंग आमच्या रांगेकडून मयूर बोलीन. त्याले वीरूच्या झडत्या येतेत, लोकं खूश होतीन. सुखदेवले वाटलं तू भिशीन.” आबांनी तिच्याकडे बारीक डोळ्यांनी बघितलं. “भेली का?”

“नाही,” केतकी म्हणाली. हा शब्द अजिबात अडकला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मयूर तिच्यासमोर येऊन उभा राहिला. एका पायावरून दुसऱ्यावर.

“मी तीच म्हननार आहे. तुह्या नावानं. सगळे तीच मागून राहिले.”

“म्हण.”

“राग नको मानू.”

“राग तर म-म-मानेनच. पण तोंडावर म्हणतोयस ना, मग म्हण.”

आईनं रात्री तिच्या वेण्या सोडताना म्हटलं, “नाही गेलीस तरी चालेल हं. कुणी काही म्हणणार नाही.”

“तेच तर, आई. कुणी काहीच म्हणणार नाही.”

पोळ्याला दुपारी ऊन स्वच्छ पडलं होतं. मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण दोन खांबांवर ताणलेलं, आणि दोन्हीकडे बैल. शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंगं, पाठीवर आरशांच्या झुली. एकानं तर बैलाच्या शिंगावर ‘वीरू’ असं रंगवून आणलं होतं. आबांची जोडी सगळ्यात पुढे. केतकी तिच्या शेजारी, नवा पिवळा ड्रेस, ओढणी कमरेला गुंडाळलेली. समोर पश्चिमेकडून सुखदेवकाका आणि मयूर. मागे माणसंच माणसं, खांद्यांवर पोरं, पोरांच्या हातांत मोबाइल.

डफडं वाजलं, थांबलं. मयूर पुढे आला. लोकांनी आधीच शिट्ट्या मारल्या.

“के-के-केतकीबाई,
बोलाची हिले लयच घाई,
प-प-पहिला शब्द निघत नाही,
तोवर बैल घराले जाई!”

हर हर महादेव! पश्चिमेची रांग उसळली. पूर्वेचेही बरेच हसले. शेवटची ओळ चांगलीच होती, केतकीलाही ते कळलं. मग डफडं बंद. सगळं मैदान तिच्याकडे.

तिच्याकडे झडती तयार होती. ठेका तयार होता. ठेक्यात ती कधीच अडकत नव्हती. तिनं टाळी उचलली, तोंड उघडलं.

“म...”

नाही आला.

“म... म...”

मागून कुणीतरी ‘दे-दे’ सुरू केलं. एका बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. आबांनी शिकवलेल्या टाळीचा उपयोग नव्हता, कुणाचाच नव्हता. ती होती, तिचा ‘म’ होता आणि चारशे माणसं होती. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की काहीच होत नाहीये. साबण येत नाहीये. कुणी मडकी आणत नाहीये. डफडेवाला काडी हवेत धरून तिच्याकडे बघत उभा आहे, आणि ती बोलेपर्यंत तो तसाच उभा राहणार आहे. मयूरला हलता येत नाही. सुखदेवकाकांना हलता येत नाही. बैलसुद्धा तिच्यासाठी थांबलेत. हा सगळा वेळ तिचा होता!

तिनं टाळी खाली घेतली. कमरेवर हात ठेवले. आणि आरामात, पाहिजे तितका वेळ घेऊन, अडकली.

“म... म... मयूरदादा लय हुशार,
मोबाइल त्याच्यापाशी चार,
वीरूले मतं टाकते फार,
पन बापाचा फोन उचलत नाही यार!”

पहिल्यांदा एक बाई हसली, अंबाबाईच असणार. मग पूर्वेची रांग, मग पश्चिमेचीही, कारण पोळ्यासाठी सावरगावहून आलेला मयूरचा बाप त्याच रांगेत आपली जोडी धरून उभा होता आणि तो सगळ्यात मोठ्यानं हसला. “खरं बोलली पोरगी! फवारनीसाठी दहादा लावतो, उचलत नाही थो!”

केतकी थांबली नाही. तिच्याकडे अजून होती.

“टीव्हीवरची उसनी झडती,
तोरनाखाली तोंडावर पडती,
सोताची असन तं काढ आता,
नाही तं माही आहे चढती!”

हर हर महादेव! आता पूर्वेकडे धूळ उडाली. डफडं घुमलं आणि बंद झालं. पाळी मयूरची.

मयूरनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्याकडे वीरूच्या पुष्कळ होत्या, पण त्या घेऊन आता उपयोग नव्हता. “अं...” तो म्हणाला. “अं...”

“म-म-मयूर!” कुणीतरी लगेच ओरडलं. हसू पसरायला लागलं. डफडेवाल्याची काडी जरा खाली आली.

“ए, वाजवू नको!” केतकी ओरडली. “त्याची पाळी आहे! सुचू दे त्याला!”

मैदान पुन्हा थांबलं. मयूर तिच्याकडे बघत राहिला, घामेजलेला, कपाळावर केस चिकटलेले. तिनं हनुवटी उडवली, म्हणजे चल ना, काढ. तो जमिनीकडे बघून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला, बोटं मोजली, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की केतकीला आधीच धोका कळला.

“केतकी माही बहीन लहान,
बोलाची लागली इतकी तहान,
ऐकाले देल्ले दोन कान,
दोन्ही टाकले तिनं गहान!”

मग दोन्ही रांगा एकदमच फुटल्या. असं हसणं की बैल दचकले. बाबा हसले, आईनं पदर तोंडाला लावला, सुखदेवकाकांनी मयूरला उचललंच. आणि भिवाजीआबा, तिचेच आबा, पूर्वेच्या रांगेचे आबा, खॉ-खॉ करत गुडघ्यावर हात मारत होते.

ज्या झडतीवर दोन्ही रांगा एकदम हसतात ती झडती जिंकते, हा नेम. केतकी हरली होती. चक्क हरली होती, अडकण्यानं नाही, झडतीनं! तिला इतका राग आला आणि इतकं छान वाटलं की तिनं दोन्ही एकदम करून टाकलं. पाय आपटला आणि हसली.

तोरण तुटलं, बैल सुटले, गुलाल उडाला. अंबाबाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि केतकीच्या गालाला गुलाल लावून म्हणाल्या, “मत मी वीरूलेच देईन, आधीच सांगते. पन तू सही बोलली.”

“पण मावशी, वीरूनं—”

“झालं का सुरू? राहू दे बाई, कान आधी सोडवून आन.” आणि त्या हसत पुढे गेल्या.

मयूर आपल्या बापामागे बैल धरून चालला होता. जाताना त्यानं लांबूनच तिला खिशातला फोन दाखवला, बापाकडे बोट केलं आणि हात जोडले.

केतकी आबांच्या बाजूनं घरी निघाली. आबांच्या एका हातात बैलांचा कासरा होता, दुसऱ्या हातानं ते डोळे पुसत होते, अजून हसण्याचेच.

“आबा, तुम्ही आपल्या रांगेचे. तुम्ही क-कसे हसले?”

“चांगली होती.”

“माझी पण चांगली होती! आणि मी द-दोन म्हटल्या, त्यानं एकच म्हटली. आणि त्याचं यमक बघा, लहान, तहान, गहान, ठीक आहे, पण मध्ये क-क-कान कुठून आला? कान बसतच नाही त्यात.”

“ऐक तं, पोरी—”

“नाही, आधी तुम्ही माझं ऐका,” केतकी म्हणाली, आणि भर बाजारातून, अडकत, थांबत, पुन्हा सुरू होत, पुढच्या पोळ्याला ती काय काय म्हणणार आहे ते त्यांना सांगायला लागली.